स्लायडर कासवांचं केंद्र: जागेआधी पाण्याचं गणित

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासवाचं हिरवं पिल्लू दुकानातून घरी येतं तेव्हा ते तीन-चार सेंटिमीटरचं असतं. मादी निघाली तर तिची पाठ २५ ते २८ सेंटिमीटरपर्यंत वाढते, आणि नीट सांभाळली तर ती तीस वर्षं सहज जगते. काचेच्या भांड्यातून टब, टबमधून बाल्कनी आणि शेवटी ‘तळ्यात सोडून येऊ’, असं बहुतेक घरांत होतं. त्यामुळे महाराष्ट्रात घरी नकोसे झालेले पाळीव सरपटणारे प्राणी सांभाळून दत्तक देणारं केंद्र उघडलं की आधी टब भरतात ते या रेड-इअर्ड स्लायडरनी. इग्वाना (मोठा सरडा) आणि बॉल पायथन (अजगराच्या जातीचा साप) येतात, पण तुरळक.

तळ्यात सोडणं हा पर्याय नाहीच. हा प्राणी मूळचा अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातला, आणि जगातल्या १०० सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्याकडे गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात तो सापडलेला आहे. ऊन खायच्या दगडावरून आणि अन्नावरून तो देशी कासवांना हटवतो, शिवाय आपले आजार पाण्यात सोडतो.

केंद्र सुरू करताना ‘शेडमध्ये किती टब मावतील’ हा हिशेब लोक आधी करतात. तो नंतर करा. आधी पाणी मोजा. पाठीच्या दर सेंटिमीटरमागे साधारण १५ लिटर पाणी लागतं. २० सेंटिमीटरच्या एका कासवाला ३०० लिटर, म्हणजे वीस कासवांना ६,००० लिटर. चांगला फिल्टर असला तरी आठवड्याला निम्मं पाणी बदलावं लागतं, ते झालं ३,००० लिटर. नव्या कासवांना आधी वेगळं ठेवायचे ५० लिटरचे दहा टब रोज पूर्ण रिकामे होतात, त्याचे आठवड्याला आणखी ३,५००. मे महिन्यात हे पाणी बोअरचं, टँकरचं की नळाचं, याचं उत्तर तयार नसेल तर वीस हा आकडा खोटा आहे. आणि माणसांचं काय? एक टब उपसून, घासून, भरायला १५ ते २० मिनिटं लागतात. दहा टब म्हणजे एका माणसाचे रोजचे तीन तास, रविवारीसुद्धा. आमच्या मते केंद्राची क्षमता इथे ठरते. ती भरली की पुढच्या फोनला स्पष्ट नकार द्यायचा आणि प्रतीक्षायादीत नाव लिहायचं. दाटीवाटीने ठेवलेली कासवं एकमेकांच्या शेपट्या आणि पाय चावतात, आणि मग वाचवायला आणलेलं जनावर तुमच्याच टबात आजारी पडतं.

दारात आलेलं कासव आत घेण्याआधी ते कुठलं आहे ते बघा. पाठीवर पिवळ्या चांदण्यांसारख्या रेषा असलेलं स्टार कासव, मऊ कातडीचं आणि पाय झाकणाऱ्या पोटाखालच्या झडपांचं फ्लॅपशेल, तळ्यातलं काळं कासव ही सगळी देशी आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. स्टार कासव तर २०१९ पासून साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, पहिल्या आणि सर्वांत कडक परिशिष्टात आहे. ‘वास्तूसाठी ठेवलं होतं’ म्हणून कुणी आणून दिलं तरी ते तुम्हाला ठेवताही येत नाही आणि दत्तकही देता येत नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून पंचनाम्यासह त्यांच्याकडे सोपवायचं. हिरवा इग्वाना किंवा बॉल पायथन हे परदेशी असले तरी साइट्सच्या परिशिष्टात आहेत. २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर लागते आणि मालक बदलला तर तेही तिथेच कळवावं लागतं. कागद नसलेला प्राणी ‘नंतर बघू’ म्हणून आत घेतला की तो कागदाचा प्रश्न तुमचा होतो.

नोंद करताना वजन घ्या, पाठीची सरळ लांबी व्हर्नियरने (सरकत्या जबड्यांच्या मोजपट्टीने) मोजा आणि पोटाचा फोटो काढा. स्लायडरच्या पिवळ्या पोटावर प्रत्येक खवल्यात काळा डाग असतो आणि त्या डागांची नक्षी प्रत्येक कासवाची वेगळी असते. दहा सारख्या दिसणाऱ्या कासवांतलं तुमचं कोणतं, हे त्या फोटोवरून कळतं. पाठीवर रंगाने नंबर घालू नका.

नवं कासव निदान ९० दिवस वेगळं. जाळी, बादली, ब्रश, हातमोजे सगळं त्याचं स्वतंत्र. रोजचं काम निरोगी कासवांपासून सुरू करून नव्यांवर संपवायचं, उलट कधीच नाही. टब आधी साबणाने घासून धुवा, मग सोडियम हायपोक्लोराइट (घरगुती ब्लीच) एक भाग आणि पाणी तीस भाग असं मिश्रण दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा भरपूर पाण्याने धुवा. शेवाळ आणि विष्ठा तशीच असताना ब्लीच ओतलं तर ते घाणीवरच खर्ची पडतं. ते टॉयलेट क्लीनरसारख्या आम्लात तर मुळीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो. आणि पाणी काढताना सायफनची नळी तोंडाने ओढू नका. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही माणसाला आजारी पाडणारा साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो. अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली ती याच कारणाने.

येणाऱ्या कासवांत पुन्हा पुन्हा दिसणारी लक्षणं थोडीच असतात. डोळे सुजून मिटलेले, खाणं बंद: वर्षभर फक्त सुकी कोळंबी किंवा चुरमुरे खाल्ल्यामुळे जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडलेलं असतं. डोळ्यामागे वाटाण्याएवढा फुगवटा आला असेल तर तो कानातला गळू. कासवाचा पू पनीरासारखा घट्ट असतो, त्यामुळे तो नुसत्या औषधाने वाहून जात नाही, शस्त्रक्रियेने काढावा लागतो. कवच दाबलं तर दबतं, कडा वर वळलेल्या: कॅल्शियम आणि अतिनील किरणांची कमतरता. पोहताना एक बाजू खाली जाते, नाकातून बुडबुडे येतात, मान ताणून तोंड उघडून श्वास घेतं: न्यूमोनिया असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दवाखान्यात जाताना एक गोष्ट केस पेपरवर लाल शाईने लिहा: आयव्हरमेक्टिन नको. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी आणि जंतांसाठी सर्रास दिलं जाणारं हे औषध कासवाला लकवा आणतं आणि मारतं. जीवनसत्त्व ‘अ’चं इंजेक्शनही अंदाजाने देऊ नये, जास्त झालं तर कातडी सोलून निघते.

कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस उत्तम. त्याची कडक पाठ सुरीने काढून मऊ भाग पाण्यात सोडायचा. उन्हासाठी आपल्याकडे महागड्या दिव्यांची गरज कमी. सकाळचं अर्धा तास थेट ऊन पुरतं, मात्र निम्म्या जागेवर सावली हवी आणि वर घारी-कावळ्यांपासून जाळी हवी. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन नुसतं गरम करतं, अतिनील किरण काचेत अडतात. घरात अतिनील किरणांची ट्यूब वापरत असाल तर ती उजेड देत असली तरी सहा ते बारा महिन्यांत बदला. प्रौढांना मुख्य खाणं पाल्याचं: शेवग्याचा पाला, मुळ्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवतं. शहरातल्या नदीतली जलपर्णी फुकट मिळते, पण ती जड धातू शोषून बसलेली असते. आठवड्यातून दोन-तीनदा गोळीखाद्य, एका वेळी कासवाच्या डोक्याएवढं. हे सगळं वेगळ्या बादलीत अर्धा तास ठेवून खायला घातलं तर मोठ्या टाकीतलं पाणी दुप्पट दिवस टिकतं, म्हणजे वरचा पाण्याचा हिशेब खरोखर हलका होतो.

पाण्याचं तापमान २४ ते २७ अंश, ऊन खायची कोरडी जागा ३२ ते ३५. पुणे-नाशिकच्या थंडीत उघड्या टबाचं पाणी रात्री १५ अंशांच्या आसपास येतं, आणि ते वाईटच: कासव पुरतं झोपत नाही, पचनही होत नाही, पोटातलं अन्न सडतं. अशा दिवसांत खाणं थांबवा किंवा हीटर लावा, अधलंमधलं काही करू नका. विदर्भात उलट काळजी, एप्रिलपासून ७५ टक्क्यांची शेडनेट आणि काळे टब नकोत. वीज चार-पाच तास गेली तर बंद डब्याचा फिल्टर चालू करण्याआधी उघडून धुवा. आतले जिवाणू प्राणवायूअभावी मेलेले असतात आणि तो सडका गाळ थेट टाकीत येतो.

नर-मादी वेगळे ठेवा. नराची पुढची नखं लांब, शेपूट जाड. मादी नराशिवायही अंडी घालते, म्हणून तिला २५ सेंटिमीटर खोल ओलसर वाळू-मातीची पेटी हवीच. ती मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात आणि मादी जाते. आधी नराबरोबर राहिली असेल तर वर्ष-दोन वर्षांनीही फलित अंडी निघतात. ती घातल्या दिवशीच फ्रीझरमध्ये जायला हवीत. जीवावर येतं, पण केंद्राने पिल्लं वाढवायची नसतात.

दत्तक देताना आधी पाणी भरलेल्या, फिल्टर चालू असलेल्या टाकीचा व्हिडिओ मागा. ‘कासव आलं की आणतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. घरात पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई किंवा खूप वयस्कर माणसं असतील तर नम्रपणे नाही म्हणा. फ्लॅट असेल तर वजन सांगा: ४०० लिटर म्हणजे ४०० किलो, तेही पाऊण चौरस मीटरवर. घराच्या स्लॅबचा भार साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर धरलेला असतो, म्हणून टाकी भिंतीलगत, खाली बीम असेल तिथेच ठेवायची, बाल्कनीच्या कठड्याशी नको. करारात एक ओळ ठळक असू द्या: सांभाळणं जमलं नाही तर कासव केंद्राकडेच परत येईल, कधीही, कारण न विचारता. त्यासाठी एक टब कायम मोकळा ठेवावा लागतो.

न्यायला आलेल्यांकडे पाण्याने भरलेली बादली देऊ नका, गाडी हलली की दमलेलं कासव त्यात बुडू शकतं. भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा, तळाला ओला टॉवेल, वर झाकण, एवढं पुरे. नव्या घरात दोन-तीन दिवस खाल्लं नाही तरी चालतं. आठवडा उलटला तर त्यांनी आधी पाण्यातली तापमापी बघायची, आणि आकडा लिहून मगच फोन करायचा.