पंप घेऊन फुंकलं, रिपोर्ट ‘नॉर्मल’

आमच्या घरात दमा दोघांना. आठ वर्षांचा ओंकार आणि माझे दीर. दोघांचा प्रकार वेगळा, आणि तो ठरायला जो वेळ गेला तो आजारापेक्षा हॉस्पिटलच्या काउंटरमुळे जास्त गेला.

ओंकारला घरघर कधीच नव्हती. नुसता कोरडा खोकला, तोही पहाटे, नाहीतर मैदानात पळाला की, खूप हसला की. ‘कफ आहे, जाईल’ म्हणत खोकल्याच्या बाटल्या रिचवून झाल्या. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दम्यात शिट्टी वाजलीच पाहिजे असं नाही, काहींना खोकलाच मुख्य असतो. पंप सुरू केला आणि स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकायची तपासणी, लिहून दिली.

पैसे भरल्यावर तारीख आणि सूचनांचा कागद मिळाला. कागद म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. ‘भरपेट जेवून येऊ नये’, ‘सैल कपडे घालावेत’ एवढं वाचता येत होतं. शेवटच्या ओळीची फक्त शिरोरेखा उमटलेली, खालची अक्षरं कापलेली. विचारलं तर, “तेवढंच आहे ताई, पुढे व्हा.”

त्या सकाळी ओंकार खोकत होता, म्हणून सांगितल्याप्रमाणे पंप दिला. लालबागहून गर्दीतून गेलो. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, “जोरात, जोरात, अजून, अजून!” पोराने जीव तोडून फुंकलं. रिपोर्ट नॉर्मल. सासूबाई खूश, “बघ, उगाच दमेकरी केलंत त्याला.”

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिलंच विचारलं, “त्या दिवशी पंप कधी घेतला?” कापलेली ओळ हीच होती! सालब्युटामॉलचा, म्हणजे लगेच श्वास मोकळा करणारा पंप तपासणीआधी किमान ४ तास आणि लांब टिकणारी औषधं २४ तास किंवा त्याहून जास्त बंद ठेवायची असतात. श्वासनलिका आधीच मोकळ्या असतील तर औषधाने किती फरक पडतो ते दिसणार कसं? शिवाय दम्याला चढ-उतार असतात. बऱ्या दिवशी रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दमा नाही, असं होत नाही.

परत काउंटर. “नॉर्मल आलंय ना? मग परत कशाला?” नवा केसपेपर, नवे पैसे, आणि तारीख नेमकी सहामाही परीक्षेतली. ती बदलायची खिडकी वेगळी. तिची वेळ अकरा ते एक, आणि साडेबारालाच तिथली बाई जेवायला गेलेली. लिहितानाही डोकं तापतंय. शेवटी तो कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, शेवटची ओळ वाचून दाखवा. कोणालाच वाचता येईना. तेव्हा आतून मूळ कागद आला, तारीखही बदलून मिळाली.

पुढच्या खेपेला आधी फुंकलं, मग पंप, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकलं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांहून जास्त वाढली. मुलांत एवढं बघतात, मोठ्यांत सोबत २०० मिलीलिटरची वाढही लागते. हातावरच्या चाचणीत धुळीतल्या किड्यांना गांधी उठली, म्हणजे ॲलर्जीचा दमा. (या चाचणीआधी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. तेही आपणच विचारायचं.)

दिरांना लहानपणी काहीच नव्हतं, धाप सुरू झाली चाळिशीत. ते गॅरेजात गाड्यांना स्प्रे मारतात. सुट्टीत धाप कमी होते का, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मीच म्हटलं, “भाऊजी, गणपतीत गावी तुमचा पंप पिशवीतून निघतो तरी का?” स्प्रेच्या रंगातल्या आयसोसायनेट या रसायनाने कामाच्या जागेचा दमा होतो. त्यांना पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारं छोटं यंत्र, दिलंय. दिवसातून चार वेळा फुंकून आकडा वहीत लिहायचा, कामाच्या दिवशी आणि सुट्टीतही. निदान पक्कं होईपर्यंत नोकरी सोडू नका म्हणाले, काम थांबलं की फरक दिसत नाही. दुखण्याच्या गोळीने धाप वाढते का, नाकात मांस वाढलंय का, हेही विचारलं. मोठेपणी होणाऱ्या दम्याचा तोही एक प्रकार.

शेजारच्या तीन वर्षांच्या मुलीला ही तपासणी करायला तिची आई निघाली होती. साधारण पाच वर्षांखाली मुलांना नीट फुंकता येत नाही. तिथे लक्षणं आणि औषधाचा गुण बघूनच ठरवतात. सर्दीत घरघरणारं प्रत्येक मूल पुढे दमेकरी होतंच असंही नाही.

आणि हो, कोणतं औषध किती तास बंद ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, पण पंप सोबत असू द्या. वाटेत धाप लागली तर तारीख गेली खड्ड्यात, आधी पंप द्या.