दहा वाजून दोन मिनिटं

बँडचं नाव लिहीत नाही. ज्या रेकॉर्डिंगबद्दल सांगणार आहे ते त्यांच्या मालकीचं आहे आणि माझ्या लॅपटॉपवर अजून पडून आहे.

मी बडोद्यात साउंडचं काम करतो. दांडिया बाजारात आमच्या शेठचं गोडाऊन आहे आणि वर्षाची निम्मी कमाई नवरात्रात होते. बाकीचं वर्ष लग्नं, सभा, कॉलेजची गॅदरिंग. रॉकचा कार्यक्रम दोन-तीन वर्षांतून एखादा. त्यात हा बँड! पुण्याला शिकत होतो तेव्हा एका कॉलेजच्या मैदानात, पावसात, डाव्या स्पीकरला चिकटून मी त्यांना ऐकलं होतं. कान दोन दिवस वाजत होते. गाणारा एकेक ओळ अशी म्हणायचा की ती त्याला आत्ताच सुचली असावी. मी साउंडच्या धंद्यात आलो त्याचं कारण बरंचसं ती संध्याकाळ.

म्हणून त्या दिवशी मी सकाळी नऊलाच मैदानावर होतो. गरब्यात माणसं गोल फिरत असतात, कुणाच्या कानाला काय लागतंय याला फार अर्थ नसतो. रॉकला माणूस एका जागी उभा राहतो आणि ऐकतो. स्टेजपासून चाळीस मीटरवर मुख्य स्पीकरचा आवाज सुमारे ११६ मिलिसेकंदांनी पोचतो. तिथे लावलेल्या मधल्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडला नाही तर प्रत्येक शब्द दोनदा येतो. एका पोराला स्टेजवर टाळ्या वाजवायला उभं केलं आणि मी मैदानभर चालत ते तीनदा जुळवलं. गाणारा रंगात आला की माईकची जाळी मुठीत धरतो हे मला पाठ होतं. मूठ बसली की शिट्टी येते. ती कुठे येते ते स्वतः माईक धरून शोधलं आणि आवाजातली तेवढी पट्टी आधीच कापून ठेवली. हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या मॅनेजरने साउंड चेकला नुसती मान हलवली, आणि मला तेवढं पुरलं.

कार्यक्रम सातचा होता. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, चार पाहुण्यांचे सत्कार आणि प्रत्येकाचे दोन शब्द, यात पावणेआठ वाजले. ज्यांना बँडचं नाव नीट घेता येत नव्हतं त्यांनी बँडची पाऊण तास वेळ खाल्ली. याबद्दल मला आजही राग आहे.

दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, हा २००० सालचा नियम. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सणासुदीला, म्हणजे आमच्याकडे नवरात्राला. गिटारसाठी कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. मुंबईत धोबीतलावच्या उघड्या रंगभवनात १९८६ पासून आय-रॉक हा रॉकचा महोत्सव व्हायचा, तिथला तोही रुग्णालय-कॉलेजांजवळच्या शांतता क्षेत्राच्या नियमातच बंद पडला. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. मैदानामागे घरं आहेत, तिथे आजारी माणसं आहेत, परीक्षा देणारी पोरं आहेत. आणि पूर्वी एकदा आमचा भरलेला टेम्पो आठवडाभर चौकीत उभा राहिलेला मी पाहिलाय. शेठने निघताना एवढंच सांगितलं होतं, "दहा म्हणजे दहा. सामान आपलं आहे."

नऊ छप्पन्नला एक गाणं संपलं. शेवटचं म्हणून ते कुठलं घेणार हे माझ्यासमोरच्या कागदावर होतं. तेच गाणं. सहा मिनिटं चाळीस सेकंद. माझ्याइतकी त्याची लांबी मैदानात कुणालाच माहीत नसेल. माझ्या हाताशी टॉकबॅकचं बटण होतं. ते दाबून बोललं की पाचही जणांच्या कानात ऐकू जातं. "चारच मिनिटं आहेत, छोटं घ्या" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. बोट बटणावर होतं आणि मी म्हटलं नाही, कारण मला ते गाणं ऐकायचं होतं.

बोलणं, गिटारची तार लावणं, यात नऊ अठ्ठावन्न झाले. बेस एकटा सुरू झाला. दहाला पोलिसांचे साहेब माझ्या साउंडच्या कन्सोलपाशी येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. मनगट पुढे करून घड्याळ दाखवलं. मी दोन बोटं दाखवली, त्यांनी मान डोलावली. भला माणूस. दहा वाजून दोन मिनिटांनी त्यांनी पुन्हा घड्याळ दाखवलं आणि मी सगळ्या स्पीकरचा आवाज ठरवणारा मास्टर फेडर खाली ओढला.

स्टेजवर पाचही जण वाजवतच राहिले. त्यांच्या कानात इन-इअर, म्हणजे स्वतःचं वाजवणं ऐकायचे इअरफोन होते, त्या लाईनला मी हात लावला नव्हता. त्यांच्या कानात सगळं तसंच चालू होतं, गाणाऱ्याचे डोळे मिटलेले. बाहेर फक्त ड्रम आणि गिटारच्या अँपचा बारीक आवाज. २००९ साली कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात द क्युअर या बँडचाही आवाज असाच वेळ संपली म्हणून बंद केला होता, आणि तेही स्टेजवरच्या अँपवर वाजवत राहिले. पण त्यांना ठाऊक होतं. माझ्या माणसाला ठाऊक नव्हतं. तेव्हाही मी टॉकबॅक दाबला नाही. त्यांना पूर्ण गाऊ दिलं म्हणावं की फसवलं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आधी आरडाओरडा झाला. मग पुढच्यांनी हात वर करून मागच्यांना गप्प केलं, आणि दीडेक हजार माणसं स्टेजकडे सरकत सरकत एकदम शांत झाली. गरब्याच्या मैदानात पंधरा वर्षं काढली, इतकी माणसं एवढी शांत कधी पाहिली नव्हती. गाणं संपलं, त्याने डोळे उघडले, एक कान मोकळा केला, आणि सरळ माझ्याकडे बघितलं. नंतर भेटायला आला नाही. मीही गेलो नाही.

केबल गुंडाळत होतो तेव्हा आणंदहून आलेली एक मुलगी भावाला घेऊन आली. तिसऱ्या रांगेत होती. म्हणाली, "दादा, शेवटचं कडवं त्यांनी बदललं का हो? ओठ वेगळे हलत होते." भाऊ म्हणत होता, नेहमीचंच होतं. मागून एक जण म्हणाला, शेवटी तो गातच नव्हता. मी म्हटलं, बघून सांगतो. तिने नंबर दिला.

घरी येऊन नुसता गाण्याचा ट्रॅक लावला. कन्सोलमधून प्रत्येक माईक फेडरच्या आधीच वेगळा रेकॉर्ड होतो, त्यामुळे मास्टर खाली गेल्याचा तिथे काही संबंध नाही. तरी ती जागा ऐकू येते. दहा-दोनपर्यंत त्याच्या आवाजामागे आमच्या स्पीकरची घरघर आहे, बाहेरचा आवाज फिरून माईकमध्ये शिरतो ती. मग ती घरघर जाते. आवाज इतका स्वच्छ होतो की ओळीआधी घेतलेला श्वास ऐकू येतो. तिसऱ्या ओळीनंतर समोर कुणीतरी खोकतं, तेही येतं. आणि कडवं बदललेलं आहे. चारही ओळी नव्या आहेत.

ट्रॅक मी त्यांच्या मॅनेजरला त्याच रात्री पेन ड्राइव्हवर दिले. माझ्याकडची प्रत पुसायला हवी होती. मुलीचा परवा पुन्हा मेसेज आला, "दादा, बघितलं का?"

अजून उत्तर दिलेलं नाही.