तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला पीएचडी करू द्यावी का?

रत्नागिरीत कॉलेजात शिकवते, त्यामुळे एमएस्सी झालेल्या मुलींचे आईवडील हमखास विचारतात, 'मॅडम, हिने पीएचडी करण्यात अर्थ आहे का? नोकरी लागेल ना?'

नोकरीचं आधी सांगते. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक व्हायला नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्यपातळीवरची) ही पात्रता परीक्षा पुरते, पीएचडीची सक्ती नाही. शिवाय पीएचडी झालेली कितीतरी माणसं आज तासिका तत्त्वावर शिकवताहेत. तेव्हा निव्वळ नोकरीसाठी करायची असेल तर नको. तिने सेटचा अभ्यास करावा.

पण एखादा प्रश्न तिच्या डोक्यात घर करून बसला असेल, तर मी तिच्या बाजूने तुमच्याशी भांडेन. आपल्याकडे असे प्रश्न पायाखाली पडलेत. बारसू, उक्षी, कशेळीच्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तरी ती कोणी आणि कशासाठी कोरली याचं पक्कं उत्तर अजून नाही. त्याच सड्यांवर पावसात उगवून दिवाळीआधी वाळून जाणाऱ्या वनस्पती, खाडीतली कालवं, हापूसच्या मोहोरावरची तुडतुडा ही कीड! कालवं काढणाऱ्या बायकांबरोबर ओहोटीला चिखलात उतरून त्यांच्याच बोलीत बोलणारी मुलगी या कामाला हवी आहे. ती तुमच्या घरात असेल तर तिला अडवू नका.

पैशांची सोय मात्र आधी बघा. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात, पुढे ४२,०००. कर्ज काढून पीएचडी करू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि गाइड, म्हणजे पीएचडीचे मार्गदर्शक. विद्यापीठाचं नाव बघून भुलू नका. शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवर त्या गाइडच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध आहेत, ते मुलीने वाचावेत. मग त्यातल्या दोघातिघांना गाठून विचारावं: लिहून दिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत मिळायचं? सर किंवा मॅडम फील्डवर आल्या का? घरची कामं सांगायचे का? उत्तर द्यायला कुणी घुटमळलं, तर दुसरा गाइड शोधावा, वर्ष गेलं तरी चालेल.

राहिला लग्नाचा विषय, जो तुम्ही उठता उठता काढता. पीएचडीच्या २०२२ च्या नियमांत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं आहेत, मुलींना त्यावर २ वर्षांची सवलत मिळू शकते, आणि बाळंतपण-संगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा. स्थळ बघायला बसाल तेव्हा हे सगळं पहिल्याच बैठकीत, तिच्यासमोर सांगा.