आमची वाटचाल: लाल रंगाचे तीन गुण

पुण्यात २००९ साली डूलालीपासून मायक्रोब्रुअरीचं, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या छोट्या ब्रुअरींचं, पर्व सुरू झालं. आजही बहुतेक टॅपवर गव्हाची बिअरच जास्त खपते. तिच्या शेजारी आम्ही आमच्या ब्रुअरीत आयरिश रेड एल ही लालसर बिअर ठेवली. ग्राहक ती मागवतो रंग बघून, आणि घोळ तिथेच सुरू होतो. बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या ५० गुणांच्या तक्त्यात दिसण्याला फक्त ३ गुण आहेत, आणि त्यातही फेस आणि नितळपणा वाटेकरी. सुगंधाला १२, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकूण परिणामाला १०. आमची वाटचाल म्हणजे त्या ३ गुणांकडून २० गुणांकडे सरकणं.

आधी लाल म्हणजे कोणती लाल, ते ठरवावं लागतं. बेल्जियममधल्या रोझेलार गावची रोडेनबाख ही लाल बिअर लाकडी पिंपांत मुरते आणि आंबट असते. अमेरिकन रेड किंवा अंबरमध्ये हॉप्स (कडूपणा आणि गंध देणारी फुलं) पुढे असतात, कडूपणा २५ ते ४० आयबीयू (कडूपणाचं माप). आयरिश रेडचं घर आयर्लंडमधलं किल्केनी. तिथे स्मिथिक्सची ब्रुअरी १७१० पासूनची म्हणून सांगितली जाते. २०१३ मध्ये ती बंद झाली आणि उत्पादन डब्लिनला गेलं. या शैलीची चौकट अशी: सुरुवातीची घनता १.०३६ ते १.०४६, कडूपणा १८ ते २८ आयबीयू, रंग ९ ते १४ एसआरएम (रंगाचं माप, आकडा मोठा तितकी बिअर गडद), अल्कोहोल ३.८ ते ५ टक्के. सुरुवातीला टॉफीचा हलका गोडवा, मध्ये बिस्किटासारखं धान्य, शेवट कोरडा. हा कोरडा शेवट नसेल तर बाकी सगळं असून ती रेड एल नाही, असं आमचं स्पष्ट मत.

हा शेवट येतो रोस्टेड बार्लीमुळे, म्हणजे मोड न आणता काळी होईपर्यंत भाजलेल्या जवामुळे. आमचं १००० लिटरचं सध्याचं प्रमाण: पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं फिकट जव) १७२ किलो, १२० ईबीसीचं (ईबीसी हे रंगाचं दुसरं माप) क्रिस्टल माल्ट, म्हणजे गोडसर लालसर माल्ट, १४ किलो, रोस्टेड बार्ली साडेतीन किलो. मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेलं धान्य, ६७ अंशांवर तासभर, पीएच ५.३ ते ५.४. उकळीत ५ टक्के अल्फाचं (कडूपणा देणाऱ्या आम्लांचं) ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप, ६० मिनिटांसाठी १.६ किलो आणि शेवटच्या १५ मिनिटांसाठी ६०० ग्रॅम. घनता १.०४५ वरून १.०१२ वर येते, अल्कोहोल सुमारे ४.३ टक्के. रंग हिशेबाने १३ एसआरएमच्या आसपास. हीच रोस्टेड बार्ली ५ किलो केली की रंग १५ च्या पुढे जातो आणि ग्लासात पोर्टर या काळपट बिअरची धाकटी बहीण दिसते. उलट ती वगळून नुसत्या क्रिस्टलने लाली आणायला गेलं की गोडवा जिभेवर चिकटून बसतो, दुसरा ग्लास कोणी मागत नाही.

आता चाखणं. आमच्याकडे चाखणाऱ्यांचं पॅनेल सकाळी ११ च्या सुमारास बसतं, जेवणाआधी. अत्तर, चहा-कॉफी, तंबाखू तासभर आधीपासून बंद. उदबत्तीसुद्धा नको, तिचा वास खोलीत फार वेळ रेंगाळतो. ग्लास आधी पाण्याने ओला करून बघतो. पाणी सलग पसरलं तर ठीक, थेंब तुटले तर काचेला तेलकटपणा आहे आणि फेस टिकणार नाही. किचन शेजारी असलं की हे हमखास होतं. प्रत्येकाला ६० ते ९० मिलिलिटर, ८ ते १० अंशांना. टॅपवरच्या ४ अंशांना माल्टचा वास बंद असतो, आणि मे महिन्यात टेबलावर ठेवलेला ग्लास बघता बघता १५ च्या वर जातो. म्हणून एका वेळी चारच नमुने.

पहिला वास ओतल्या ओतल्या, कारण उडून जाणारे गंध आधी निघून जातात. मग ग्लास पांढऱ्या कागदासमोर तिरका धरून कडेचा पातळ भाग बघायचा. पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक रेड एल तपकिरीच दिसते. दुसरा वास, मग घोट. थुंकायचं नाही: शेवटचा कडूपणा आणि कोरडेपणा गिळल्यावरच नीट कळतो. दोन नमुन्यांच्या मध्ये साधा ब्रेड आणि पाणी. चर्चा मात्र कागद भरून झाल्यावर. एकाने मोठ्याने ‘बटर’ म्हटलं की सगळ्यांना बटर लागतं.

बटरचा मुद्दा या शैलीत अवघड आहे. आयरिश रेडमध्ये अगदी पुसटसा लोण्याचा गंध नियमात बसतो, पण असायलाच हवा असं नाही. आम्ही तो शून्य धरतो, कारण आपल्याकडे बटरस्कॉचची चव लोकांना आवडते आणि पॅनेल दोषालाच गुण देऊन बसतं. डायअसेटिल नावाचं हे द्रव्य लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपासही जाणवू लागतं. टाकी थंड करण्याआधी दोन नमुने घ्यायचे. एक झाकून ६० ते ७० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवायचा, मग गार करून दुसऱ्याशी ताडून बघायचा. तापवलेल्यातच बटर आलं तर त्याचा कच्चा माल अजून बिअरमध्ये आहे. यीस्टला २० अंशांवर आणखी दोन-तीन दिवस द्यायचे. दोन्ही स्वच्छ असतील तरच थंड करायचं. टाकीत स्वच्छ असलेली बिअर टॅपवर बटर देत असेल, तर दोष बहुतेक नळीतल्या जिवाणूंचा. नळ्या दर १४ दिवसांनी कॉस्टिकने धुणं याला पर्याय नाही.

जांभूळ खाल्ल्यावर जीभ धरते तसं झालं तर तो कडूपणा नव्हे, टॅनिन. धान्य धुण्याचं पाणी ७६ अंशांच्या वर गेलेलं असतं, किंवा शेवटच्या पाण्याचा पीएच ६ ओलांडतो. आपल्या बेसाल्टमधल्या बोअरचं पाणी जड, त्यात बायकार्बोनेट. उन्हाळ्यात टँकर आला की हा धोका वाढतो. नळाच्या पाण्याचा त्रास वेगळा. क्लोरीन राहिलं तर बँड-एडचा वास येतो, आणि तो नंतर कशानेही जात नाही. १००० लिटरला ५ ते ६ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आधीच टाकलं की प्रश्न मिटतो. कच्च्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर यीस्टवरून लवकर काढली. ओला पुठ्ठा म्हणजे ऑक्सिजन शिरला. रेड एलमध्ये तो आधी शिळ्या मधासारखा वाटतो, त्यामुळे नवख्याला चक्क आवडतो.

पाककृतीत बदल करायचा असेल तेव्हा गुण बाजूला ठेवून त्रिकोणी चाचणी घेतो: तीन ग्लास, दोन सारखे, वेगळा ओळखा. रंगाने चोरी पकडली जाऊ नये म्हणून अपारदर्शक कप. नुसत्या अंदाजाने तिघांत एकाचं उत्तर बरोबर येतंच, म्हणून ९ जणांत किमान ६, १२ जणांत किमान ८ बरोबर आले तरच फरक खरा मानायचा. क्रिस्टलचा पुरवठादार बदलताना ही चाचणी फार उपयोगी पडते. पाकिटावरचा ईबीसी आकडा सारखा असूनही चव सारखी असतेच असं नाही.

तक्त्यावर ३० ते ३७ म्हणजे ‘फार चांगली’, ३८ पासून ‘उत्कृष्ट’. आमच्या टॅपवर ३० च्या खालची बिअर जात नाही. परीक्षकांच्या गुणांत ७ हून जास्त अंतर पडलं तर सरासरी न काढता पुन्हा चाखतो, कारण अशा वेळी सहसा एकाला एखादा दोष जाणवलेला असतो आणि बाकीच्यांच्या नाकाला तो लागत नाही. प्रत्येक बॅचचं एक केग (बिअरचं धातूचं पिंप) २ ते ४ अंशांवर राखून सहा आठवड्यांनी ताज्या बॅचसोबत ठेवतो; त्यात पुठ्ठा आढळला तर केग भरताना कार्बन डायऑक्साइडने किती वेळा धुतला गेला होता, ती नोंद आधी काढली जाते.