हॉलभर कार्पेट: माणूस बोलवावा, मशीन भाड्यानं आणावं की विकत घ्यावं?

जळगाव-धुळ्याकडे फरशी धुणं म्हणजे बादलीभर पाणी ओतायचं, खराट्यानं मोरीकडे ओढायचं आणि मोकळं व्हायचं. अमेरिकेतल्या बऱ्याच अपार्टमेंटमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट ठोकलेलं असतं आणि मोरी नसतेच. आत गेलेलं पाणी वरूनच ओढून काढावं लागतं. नाना-अक्का सहा महिने राहायला आले आणि शेवभाजीची वाटी कलंडली, की घरात जी चर्चा सुरू होते ती पैशांची असते: बाहेरचा माणूस दीडशे डॉलर घेणार, भाड्याचं मशीन चाळीसमध्ये येतं. पण मशीन पाणी किती ओढतं, हे आधी बघायला हवं.

कार्पेटच्या तंतूंखाली अस्तर असतं, अस्तराखाली फोमची गादी आणि तिच्याखाली प्लायवूड किंवा काँक्रीट. साबणाचं पाणी गादीपर्यंत पोचलं आणि तिथेच राहिलं, तर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते, कुबट वास येतो. साबण तंतूंतच सुकला तर तो चिकट राहतो आणि बुटांची धूळ धरून ठेवतो. ‘धुतल्यावर महिन्याभरात आधीपेक्षा काळं झालं’ ही नेहमीची तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

व्यावसायिक माणसाच्या व्हॅनमध्येच पाणी तापवायची सोय आणि जबर ताकदीचा व्हॅक्यूम असतो, फक्त पाइप घरात येतो. जाहिरातीत ‘स्टीम’ म्हणतात, प्रत्यक्षात ते गरम पाणीच असतं. अशा धुण्यानंतर कार्पेट साधारण चार ते आठ तासांत वाळतं. भाड्याच्या मशीननंतर बारा ते चोवीस तास धरून चाला. तीन खोल्यांना ढोबळमानानं १२० ते २०० डॉलर पडतात, शहरागणिक फरक असतो. ‘तीन खोल्या ९९ डॉलर’ असं पत्रक आलं, तर धुण्याआधी डागांवर फवारायचं औषध, जिना आणि सामान हलवणं त्यात धरलंय का ते फोनवर विचारा आणि भाव लेखी मागा. नाहीतर दारात आल्यावर एकेक गोष्ट वाढत जाते. डाग-प्रतिबंधक थराचा आग्रह होईल, भाड्याच्या घराला त्याची गरज नाही. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहत असाल तर व्हॅनचा पाइप पोचतो की हातातलं लहान मशीन आणणार, हेही विचारा. त्या लहान मशीनला व्हॅनची ओढ नसते आणि भाव मात्र तोच लावतात. त्या माणसाकडे आयआयसीआरसी या सफाई-कामाची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र असेल तर उत्तम.

भाड्याचं मशीन किराणा दुकानात किंवा होम डेपोसारख्या घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. चोवीस तासांचे तीस ते चाळीस डॉलर, वर साबणाचे वीस-पंचवीस. दोन मराठी घरांनी एकाच दिवशी मिळून आणलं तर खरंच परवडतं. दुकानातच ब्रश आणि ओढायच्या तोंडात आधीच्या घरातल्या कुत्र्याचे केस अडकलेत का ते बघा, टाकीच्या झाकणाचं रबर नीट बसतंय का ते तपासा. रबर सैल असेल तर हवा तिथूनच आत जाते आणि ओढ मरते. पाण्यासकट मशीन वीस किलोंच्या पुढे जातं, त्यामुळे ते जिन्यावरून एकट्यानं चढवू नये.

घरी आल्यावर आधी कोरडा व्हॅक्यूम दोन्ही दिशांनी, सावकाश. हे टाळलं तर धुळीचा चिखल होतो. मग पायवाटेच्या आणि सोफ्यापुढच्या जागेवर औषध फवारून दहा मिनिटं थांबा. टाकीत नळाचं गरम पाणी घाला, उकळतं नको, टाकी आणि पंप खराब होतात. साबण बाटलीवर लिहिलाय तेवढाच, त्याहून थोडा कमी चालेल. दारापासून लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करा. बरीच भाड्याची मशीनं मागे ओढतानाच काम करतात, त्यामुळे घाई न करता मागे सरकत या. एकदा पाणी सोडलं की त्याच पट्ट्यावर पाणी बंद करून दोनदा नुसती ओढ द्या. शेवटी साध्या पाण्यात लिटरला साधारण ६० मिलि पांढरं व्हिनेगर घालून एक फेरी मारली, की साबण निघतो. फर्निचरच्या पायांखाली अॅल्युमिनियम फॉइल ठेवा, नाहीतर गंजाचे आणि लाकडाच्या रंगाचे ठसे उमटतात. पंखा लावा, हवा कोरडी असेल तर खिडक्याही उघडा.

विकत घ्यायचं तर मोठं मशीन दीडशे ते तीनशे डॉलरला येतं. स्वतःचं घर, रांगतं मूल किंवा कुत्रा असेल तरच घ्या. वापरल्यावर टाकी आणि ब्रश धुऊन वाळवले नाहीत तर पुढच्या वेळी तोच वास कार्पेटला लागतो. शिकागो-मिनियापोलिसकडे हिवाळ्यात गॅरेजमध्ये ठेवलं तर पंपात उरलेलं पाणी गोठून पंप फुटतो. शंभर-सव्वाशे डॉलरचं हातातलं छोटं डाग-मशीन मात्र जवळजवळ प्रत्येक मराठी घरात हवं. वर्षातून एकदा व्हॅनवाला आणि मधल्या डागांना हे छोटं मशीन, हा हिशेब आम्हाला सगळ्यांत पटतो. भाड्याचं मशीन लहान अपार्टमेंट सोडताना, कार्पेट सिंथेटिक असेल तर ठीक. लोकरीचं कार्पेट, गादीत मुरलेलं कुत्र्याचं मूत किंवा जिना असेल तर माणूसच बोलवा.

आता तर्री. तिच्यात दोन डाग एकत्र असतात: तेल आणि हळद. चमच्यानं वरचं उचला, कागदी टॉवेलनं टिपत राहा, घासू नका. घासलं की तंतू पिंजतात आणि डाग पसरतो. मग कपभर कोमट पाण्यात पाव चमचा भांड्यांचा साबण, तो फडक्यानं टिपायचा, नंतर साधं पाणी. इथे खायचा सोडा घालायचा मोह आवरा. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, जुन्या पद्धतीचं कुंकू असंच होतं. लाल झालाच तर पातळ व्हिनेगरनं डाग पुन्हा पिवळ्याकडे येतो. उरलेल्या पिवळ्यासाठी औषधांच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, पण आधी कपाटाच्या आतल्या कार्पेटच्या कोपऱ्यात थेंब टाकून रंग उडतो का ते बघा, आणि लोकरीवर वापरूच नका. हळदीचा रंग उन्हानं उडतो, म्हणून त्या जागी ऊन येत असेल तर पडदा उघडा ठेवा. नायलॉन हळद पटकन पितो. पॉलिएस्टर कमी पितो, पण तेल धरून ठेवतो.

घर सोडताना करारपत्र उघडून बघा. अमेरिकेत व्यावसायिक सफाईची पावती मागणारे करार बरेच असतात. तसं असेल तर भाड्याच्या मशीनवर घालवलेला दिवस फुकट जातो, कारण दुकानाची पावती घरमालक धरत नाही. नव्या कार्पेटच्या वॉरंटीचंही तसंच: बऱ्याच कंपन्या ठरावीक महिन्यांनी गरम पाण्याच्या व्यावसायिक सफाईची पावती मागतात. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून लागू झालेल्या टेनंट फीज अॅक्टमुळे घरमालक व्यावसायिक सफाईची सक्ती करू शकत नाही. पण राहायला येताना जितकं स्वच्छ होतं तितकं परत मागू शकतो, म्हणून पहिल्याच दिवशी, सामान लावायच्या आधी, प्रत्येक खोलीच्या कार्पेटचे तारखेसह फोटो काढून घरमालकाला ईमेलनं पाठवून ठेवा.