ढोल मावेल अशी गाडी: ५ टूरिंगच्या शोधाची वही

१५ फेब्रुवारी २०२५

दोन ढोल भरले की आमच्या हॅचबॅकमध्ये तिसऱ्या ढोलाला आणि बायकोला मिळून एकच सीट उरते. म्हणून यंदाच्या गणपतीच्या आत इस्टेट, म्हणजे मागे लांब डिकी असलेली गाडी, घ्यायची, हे घरात एकमताने मंजूर झालं. बजेट १०,००० पौंड. त्यातले १,००० घेतल्या घेतल्या गाडीवरच जाणार, म्हणून आधीच बाजूला काढले. या वर्गातल्या गाडीची किंमत दहा वर्षांत पार उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. हे विसरून घेतलेली गाडी दारात ताडपत्रीखाली उभी राहते.

एसयूव्ही का नाही, असं पथकातल्या निम्म्या लोकांनी विचारलं. ढोल छातीपर्यंत उचलून आत ढकलायचा म्हटलं की तिसऱ्या फेरीला कंबर बोलायला लागते. इस्टेटची डिकी गुडघ्याच्या जरा वर असते. शिवाय वेड जुनं आहे. चिंचवडला काकांकडे टाटा इस्टेट होती, पिंपरीला बनलेली. तिच्या डिकीत बसून मागे पळणारा खंडाळ्याचा घाट मी जेवढा पाहिलाय, तेवढा पुढच्या सीटवरून कधीच पाहिला नाही.

यादीत चार नावं होती. मर्सिडीज ई-क्लास (एस२१२): डिकी ६९५ लिटर, सीट पाडल्या की १,९५०, म्हणजे जवळपास टेम्पो. व्होल्वो व्ही७०, डी५ इंजिनवाली: पाच सिलिंडर आणि टायमिंगला बेल्ट. ऑडी ए६ अवांट. आणि बीएमडब्ल्यू ५ टूरिंग (बीएमडब्ल्यू इस्टेटला टूरिंग म्हणते), एफ११ पिढीची: ५६० लिटर, सीट पाडून १,६७०. लिटरच्या हिशेबात बीएमडब्ल्यू सरळ हरते. तरी मन तिच्यावरच बसलंय, आणि मागची काच दरवाजा न उघडता वेगळी उघडते हे कारण मी बायकोला सांगितलंय. तिला ते पटलेलं नाही.

२३ फेब्रुवारी

आठवडाभर इंजिनांत डोकं घातलं. एफ११ चं जुनं चार सिलिंडर डिझेल, एन४७, मी यादीतून उडवलं. त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारी साखळी, इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिचे प्लास्टिकचे गाइड झिजतात, चेन ढिली पडते आणि तुटली तर इंजिन गेलं. नुसती चेन बदलायची तरी आधी इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. २०१४ पासून ५२०डी मध्ये त्याच्या जागी बी४७ आलं. ५३०डी मधलं सहा सिलिंडरचं एन५७. चेन दोन्हींना मागेच, पण एन४७ इतकी बोंब यांची नाही. तेव्हा शोध या दोघांपुरता.

दुसरी चाळणी युलेझची, म्हणजे लंडनच्या कमी-प्रदूषण क्षेत्राची. सराव लंडनच्या हद्दीत, मी राहतो रेडिंगला. ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळे बरो, म्हणजे महापालिका विभाग, त्यात आलेत. युरो ६ या प्रदूषण मानकात न बसणारं डिझेल घेऊन गेलं की दिवसाला १२.५० पौंड. सप्टेंबर २०१५ नंतर नोंदलेल्या गाडीला हा प्रश्न नाही. त्याआधीच्या काही गाड्याही युरो ६ मध्ये बसतात, त्यामुळे विक्रेत्याच्या शब्दावर न जाता लंडनच्या वाहतूक खात्याच्या साइटवर नंबर टाकून पाहायचं.

आता खरा खजिना. एमओटी म्हणजे इथलं वार्षिक पासिंग. गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी. त्याचा सगळा इतिहास सरकारी साइटवर नुसत्या नंबरावर फुकटात दिसतो: तारीख, त्या दिवशीचं रनिंग, नापास झाली असेल तर कशात, आणि पास होतानाही काय सूचना दिली होती. आपल्याकडे पासिंगचा असा कागद कोणी दाखवला तर मी त्याला हार घालीन.

रनिंग मागे फिरवलंय का, हे सगळेच बघतात. मी सूचना जास्त वाचतो. 'मागचे टायर आतल्या कडेने झिजलेले' ही सूचना २०२१ मध्ये, २०२२ मध्ये आणि २०२३ मध्येही असेल, तर मालकाने तीन वर्षं टायर बदलले, पण अलाइनमेंटला हात लावला नाही. मग गिअरबॉक्सच्या तेलाला कुठून लावणार? उलट एका वर्षी लांबलचक यादी आणि पुढच्या वर्षी पाटी कोरी, असं दिसलं की त्या माणसाला भेटावंसं वाटतं.

एकदा फसलोही. एका १६ पाटीच्या (नंबरप्लेटवर १६, म्हणजे २०१६ ची) गाडीची एमओटी मे २०२० मध्ये व्हायला हवी होती, झाली होती थेट नोव्हेंबरात. चोर सापडला म्हणून मी टेबलावर हात आपटला. मग आठवलं, लॉकडाउनमध्ये सरकारनेच सहा महिन्यांची मुदतवाढ दिली होती. गाडी बिचारी निर्दोष.

८ मार्च

पहिली प्रत्यक्ष गाडी. ५२०डी, ७१,००० मैल, एका डीलरकडे. फोनवर बजावून सांगितलं होतं, मी येईपर्यंत सुरू करू नका. गेलो आणि नमस्कार करायच्या आधी बॉनेटवर हात ठेवला. शेगडीवरच्या तव्यासारखं गरम. "जागा बदलली जरा," म्हणाला.

थंड इंजिनाचे पहिले दहा सेकंद हीच तर परीक्षा असते. चेनचा खरखरता आवाज, इंजेक्टरची टकटक, धुराचा पहिला लोट, गिअरबॉक्सचे पहिले दोन बदल, सगळं तेव्हाच उघडं पडतं. गरम झाल्यावर सगळ्याच गाड्या शहाण्या वागतात.

आलोच होतो, तर ओबीडी रीडर लावला, गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाड वाचणारा. वीस-पंचवीस पौंडांत येतो, फोनवर ॲप चालतं. फॉल्ट कोड एकही नाही. छान. पण त्याच ॲपमध्ये आणखी एक आकडा असतो आणि तो फारसं कोणी बघत नाही: कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती चालली. तिथे होतं ६ किलोमीटर. म्हणजे कालपरवाच कोणीतरी पाटी पुसली होती. पाटीवर काय लिहिलं होतं, ते मी विचारलं नाही.

चार टायर, चार कंपन्यांचे. रंग मात्र असा की त्यात भांग पाडून घ्यावा. वरून कीर्तन, आतून तमाशा. इथे डीलरकडून घेतली तर २०१५ च्या ग्राहक कायद्याने दोष निघाल्यास तीस दिवसांत परत करता येते, खासगी विक्रीत ते संरक्षण नाही. म्हणून डीलर बरा, असं मला वाटत होतं. पण परत करायच्या तयारीनेच गाडी घेण्यात काय अर्थ आहे?

१६ मार्च

ही नोंद लिहिताना वाईट वाटतंय. २०१५ ची ५२०डी, एकच मालक, निवृत्त शाळामास्तर. फक्त ४१,००० मैल. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, दोन्ही चाव्या, मॅन्युअल प्लास्टिकमध्ये. चहा पाजला, बिस्किटं दिली. बायको गेल्यापासून लांब जात नाही, म्हणाले. दुकान, चर्च, डॉक्टर. दोन-दोन मैल.

डिझेलला याहून वाईट आयुष्य नाही. सायलेन्सरच्या वाटेवरचा डीपीएफ हा फिल्टर काजळी अडवतो, आणि ती जाळायला इंजिन चांगलं तापून मोठ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं धावावं लागतं. दोन मैलांत ते तापतही नाही. काजळी जाळायचा प्रयत्न सुरू होतो, अर्ध्यात गाडी बंद होते. न जळलेलं डिझेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. आणि ते ऑइल त्यांनी डॅशबोर्ड सांगेल तेव्हाच बदललेलं, म्हणजे दोन-दोन वर्षांनी. मास्तरांनी पुस्तकात लिहिलं तसंच केलं, त्यांची काही चूक नाही. ॲपमध्ये काजळीचा आकडा चढलेला आणि शेवटची पूर्ण सफाई बऱ्याच महिन्यांपूर्वीची.

डिकीखालचा तळही उचलला. या गाडीची बॅटरी मागे, तिथेच असते. पॅनोरमा छताच्या पाण्याच्या वाटा पानांनी तुंबल्या की ओल तिथपर्यंत पोचते. इथे कोरडं ठणठणीत होतं.

नाही म्हणालो आणि कारणही सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. आठवड्यातून एकदा मोटरवेवर चक्कर मारा, असं सांगून आलो. कमी रनिंगला आपण भुलतो, मीही भुललो होतो.

२४ मार्च

आईचा फोन. "अरे, पाडवा ३० तारखेला आहे. वाहन घ्यायचं तर तेव्हाच घे." साडेतीन मुहूर्तांतला एक, हे मलाही माहीत आहे. पण मुहूर्त जवळ आला की माणूस सैल पडतो, आणि विक्रेत्याला ते आवाजावरूनच कळतं.

एक गाडी मात्र हेरून ठेवलीय. ५३०डी, ६५ पाटी (सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ मधली नोंदणी), १,१८,००० मैल. मालक सर्व्हेअर, देशभर मोटरवेने फिरलेला. किंमत ८,९५०. एमओटीची पानं वाचली: एका वर्षी सूचना, पुढच्या वर्षी साफ. दोनदा असंच.

एफ११ टूरिंगला मागे एअर सस्पेन्शन येतं, सामान कितीही भरा, शेपटी खाली जात नाही. रबरी एअर स्प्रिंग वयोमानाने चिरतात, हवा हळूहळू जाते, ती भरून काढता काढता कॉम्प्रेसरही दमतो. हे तासाभराच्या भेटीत दिसतच नाही. म्हणून मालकाला विनंती केली: रात्री गाडी लावल्यावर आणि सकाळी हात लावायच्या आधी, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेप धरून फोटो पाठवाल का? मला वाटलं, फोन ठेवून देईल. दुसऱ्या दिवशी चार फोटो आले. दोन्ही बाजूंना मिळून फरक २ मिलिमीटर. तेव्हाच अर्धा निर्णय झाला, गाडीपेक्षा जास्त माणसाबद्दलचा.

३० मार्च, पाडवा

घरी गुढी उभारायच्या आधी निघालो. त्यात आजच इथली घड्याळं एक तास पुढे सरकली, म्हणजे सकाळचे सात हे खरे सहाच. काचांवर दव, बॉनेट थंडगार. मालकाला सांगितलं, तुम्ही बटण दाबा. मी काच खाली केली आणि कान डॅशबोर्डच्या पलीकडच्या भिंतीकडे लावला, कारण चेन तिकडे आहे. एक खोल घुमारा, आणि तीन-चार सेकंदांत शांत. सहा सिलिंडर डिझेलचा आवाज ज्याने थंडीत ऐकलाय, त्याला पुढचं सांगायला नको.

मग फोल्डर. ऑइल दर नऊ-दहा हजार मैलांनी, बिलावर एलएल-०४ (बीएमडब्ल्यूचं ऑइलचं मानक) लिहिलेलं. मागचे दोन्ही एअर स्प्रिंग २०२१ मध्ये बदललेले. पुढचे कंट्रोल आर्म २०२२, ग्लो प्लग २०२३. ईजीआर कूलरचं (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) २०१८ चं ते मोठं रिकॉल, त्यात झालेल्या कामाचा कागद. कुठे पाव लिटर ऑइल वरून घातलं असेल, तर तेही पेन्सिलने. गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल नाही. झेडएफचा आठ गिअरवाला बॉक्स, बीएमडब्ल्यू म्हणते तेल जन्मभर पुरतं, खुद्द झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदला म्हणते. ज्याने बॉक्स बनवला त्याचं मी ऐकतो. इथे १,१८,००० मैल, म्हणजे १,९०,००० किलोमीटर झालेत. बॉक्स गुळगुळीत चालतोय, पण हा खर्च माझ्या हिशेबात.

शेवटी आमच्या गाडीतून ढोल काढला. मालक बघतच राहिला. दोन उभे, सीट पाडून आणखी तीन. "हे वाजवता कुठे?" त्याने विचारलं. जिथे जागा देतील तिथे, म्हणालो.

आईने तीनदा फोन केला. घेतली नाही. रॅम्पवर चढवल्याशिवाय नाही.

२ एप्रिल

ओळखीच्या गॅरेजमध्ये रॅम्पवर तासभर. मिस्त्रीने टॉर्च घेऊन खालून सगळं चाचपलं. मागचे ब्रेक डिस्क कडेला पोचलेले, मागच्या टायरांना फार तर सहा महिने. ऑइलचा ओलावा नाही, रबरी बुश ठीक. "पोट स्वच्छ आहे," म्हणाला. डिस्क आणि टायरचे मिळून ३५० कापून मागितले. मालकाने ३०० कापले. ८,६५०.

६ एप्रिल

ताब्यात. रामनवमी निघाली, त्यामुळे आईसुद्धा खूश. बॉनेटवर हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू. मालकाने फोल्डर देताना पेन्सिलही दिली.

१९ एप्रिल

७४० मैल झाले, ऑइल जराही उतरलं नाही. ब्रेक डिस्क बसल्या. गिअरबॉक्सचं तेल ८ मे रोजी: फिल्टर प्लास्टिकच्या तळाशीच जोडलेला असतो, त्यामुळे अख्खा तळ बदलावा लागतो, आणि बिलही तसंच येतं.

टेप सुटलेली नाही. रोज सकाळी मोजतो. परवा डावी बाजू ४ मिलिमीटर खाली निघाली आणि चहा गेला नाही. कालही ४. आज रात्री साबणाचं पाणी फवारून बुडबुडे शोधायचे ठरवलं होतं, तेवढ्यात बायकोने अंगणात लेकाची गोटी ठेवून दाखवली. गोटी डावीकडे घरंगळत गेली. आता सपाट जागा फक्त शेजाऱ्याकडे आहे, आणि रात्रभर तुमच्या दारात गाडी लावून सकाळी टेप घेऊन येतो, हे त्याला कसं सांगायचं ते कोणी सुचवा.