लिंबाचा डाग आणि कडप्पाचा समुद्र

सोलापुरात आमचं फरशीचं दुकान आहे. ओट्यासाठी कडप्पा नेलेलं गिऱ्हाईक काही महिन्यांनी हमखास तक्रार घेऊन येतं: लिंबू सांडलं तिथं पांढुरका डाग पडला, माल हलका दिलात. वडील म्हणतात, "खोबरेल तेलाचा हात फिरवा." मी भूशास्त्र शिकलेला, मला गप्प बसवत नाही. कडप्पा हा चुनखडक. आम्ल पडलं की विरघळणारच. डाग पडला म्हणजे माल अस्सल!

हा दगड आंध्रातून येतो, बेतमचर्ला, कोलिमिगुंडला, ताडपत्री या पट्ट्यातून. सगळा मुलूख एका जुन्या समुद्राच्या तळावर बसलाय. हा तळ म्हणजेच कडप्पा खोरं, चंद्रकोरीच्या आकाराचं, सुमारे ४४,५०० चौरस किलोमीटरचं. १८७२ साली भूशास्त्रज्ञ विल्यम किंग यांनी इथल्या खडकांचा मोठा अहवाल छापला आणि थरांचे दोन भाग पाडले: खाली कडप्पा, वर कर्नूल. ओट्यावरची फरशी त्यातल्या वरच्या कर्नूल गटातली, नारजी चुनखडकाची. त्यात शिंपला शोधू नका. शिंपल्यांचे प्राणी तेव्हा जन्मालाच आले नव्हते.

या खोऱ्याची ख्याती मात्र भलत्याच मालासाठी. मंगमपेटचं बराइट नावाचं खनिज घ्या. एकाच ठिकाणी इतका साठा जगात क्वचितच असेल, सात कोटी टनांच्या घरातला. ज्वालामुखीच्या उलाढालीतून समुद्रतळावर साचलेला. दिसायला राखाडी, पण हातात घेतला की मनगट खाली जातं, कारण घनता पाण्याच्या साडेचार पटीच्या आसपास. तेलविहिरी खोदताना चिखलात हाच मिसळतात, म्हणजे खालचा वायू उसळून वर येत नाही. पुलिवेंदुलाकडे वेगळीच कथा. मॅग्नेशियमयुक्त चुनखडकात, म्हणजे डोलोमाइटात, डोलेराइट नावाचा तापलेला शिलारस घुसला आणि सांध्यावर ॲस्बेस्टॉस तयार झाला. हिऱ्यांसाठी बनगानपल्लीचा गोटेरी थर पूर्वापार खणला गेलाय.

या सगळ्यांमागे काहीतरी घडलंय: आग, घुसखोरी, वाहून आणलेलं दुसरीकडचं धन. फरशीच्या मागे काहीच घडलेलं नाही, आणि मला तेच भारी वाटतं. संथ पाण्यात चुन्याचा बारीक गाळ थरावर थर बसत गेला, वरून कुणी ढवळलं नाही. म्हणून खाणीत पहार घातली की दगड थरावर सरळ सुटतो, करवतीने फळी पाडावी लागत नाही. खोऱ्याच्या पूर्वेला नल्लमला डोंगरांच्या बाजूला जा, तिथे थर दाबून घड्या पडल्यात. त्यातून दोन फुटी सरळ फरशी काढून दाखवा कुणीतरी!

ग्रॅनाइट आल्यापासून कडप्पाला 'स्वस्तातला' म्हणायची पद्धत पडलीय. स्वस्त आहे खरा, पण तो निसर्गानेच पातळ करून दिला म्हणून.

मध्यंतरी एका गिऱ्हाइकाने याच खोऱ्यातल्या तुम्मलपल्लीच्या युरेनियमची बातमी वाचली आणि विचारलं, "तुमच्या दगडात नाही ना ते?" ते युरेनियम वेंपल्लीच्या डोलोमाइटात आहे, नारजीच्या कितीतरी खालच्या आणि जुन्या थरात. मी हे सगळं समजावेपर्यंत वडिलांनी बिल फाडून दिलं होतं.